समोरचा माणूस : येना, १७९४ ते १८०७

१७९५ सालच्या वसंतात येना गावात योहान गॉटलीब फिख्टे या प्राध्यापकाच्या घरावर रात्री दगड पडले. दगड मारणारे त्याच्याच विद्यापीठातले विद्यार्थी होते. खिडक्यांची तावदानं फुटली. त्याच्या बायकोला, योहानाला, भर रस्त्यात नको नको ते ऐकावं लागलं. तक्रारी करूनही विद्यापीठाच्या कारभाऱ्यांनी धड हालचाल केली नाही. भांडणाचं मूळ विद्यार्थ्यांच्या गुप्त संघटनांत होतं. शपथा, द्वंद्वयुद्धं, दारू आणि दहशत यांवर पोसलेल्या अशा तीन संघटना येनात होत्या. त्या आपणहून मोडाव्यात म्हणून फिख्टेने मध्यस्थी केली. दोन तयार झाल्या, तिसरीने सूड उगवला. शेवटी रजा घेऊन त्याने उन्हाळ्यापुरतं ओसमानस्टेट नावाच्या खेड्यात बिऱ्हाड हलवलं. तिथे तो ज्या पुस्तकाच्या मागे लागला, त्याचा गाभा असा : माणूस एकट्याने माणूस होऊच शकत नाही. दुसऱ्या कुणीतरी त्याला स्वतंत्र जीव समजून साद घालावी लागते, तेव्हा त्याला आपण कोण हे कळतं.

आपल्याच विद्यार्थ्यांनी ज्याला घर सोडायला लावलं, त्या माणसाने त्याच वर्षी हे लिहावं, हे मला फार मोठं वाटतं. त्याने कडवटपणे एकांताचं तत्त्वज्ञान लिहिलं असतं, तरी कुणी दोष दिला नसता.

येना तेव्हा जेमतेम चार-पाच हजार वस्तीचं गाव होतं. झाले नदीच्या काठी, चुनखडीच्या डोंगरांच्या कुशीत. विद्यापीठ १५५८ सालचं. राज्य वायमारच्या ड्यूक कार्ल आउगुस्टचं, आणि विद्यापीठाकडे लक्ष ठेवणारा त्याचा मंत्री म्हणजे कवी गटे. शिलर तिथे इतिहास शिकवायला १७८९ मध्ये आला, म्हणजे पॅरिसमध्ये बास्तीय पडला त्याच वर्षी. पुढची पंधरा-सोळा वर्षं जर्मन भाषेतली सगळी धारदार डोकी या ना त्या निमित्ताने येनातून गेली. राजकीय क्रांती फ्रान्समध्ये झाली. माणूस म्हणजे काय आणि तो दुसऱ्याचं काय देणं लागतो, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र या गावात शेवटपर्यंत खणला गेला.

फिख्टे १७९४ मध्ये इथे आला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. जन्म साक्सनीतल्या रामेनाऊ खेड्यातला, बाप फिती विणणारा. लहानपणी हा मुलगा हंस राखायचा. एका रविवारी प्रवचन चुकलेल्या जमीनदाराला गावकऱ्यांनी सांगितलं की हंस राखणारं पोर ते जसंच्या तसं म्हणून दाखवील. पोराने म्हणून दाखवलं आणि जमीनदाराने त्याच्या शिक्षणाचा भार उचलला, अशी हकिकत त्याच्या चरित्रात येते. पुढे खासगी शिकवण्या करत, अपमान गिळत त्याने दिवस काढले. १७९१ मध्ये तो तत्त्वज्ञ कांटला भेटायला क्योनिग्सबर्गला गेला आणि तिथेच धर्मातल्या साक्षात्काराच्या कल्पनेची चिकित्सा करणारं पुस्तक लिहिलं. १७९२ मध्ये ते निनावी छापलं गेलं आणि येनाच्याच एका नामवंत नियतकालिकाने ते कांटचं म्हणून जाहीर केलं. कांटने खुलासा केला की पुस्तक आपलं नाही आणि खऱ्या लेखकाचं नावही सांगितलं. कालपर्यंत ज्याला कुणी ओळखत नव्हतं तो एका रात्रीत विद्वानांच्या पंक्तीला बसला. फिख्टेला हे आयुष्यभर ठाऊक होतं, की बुद्धी अंगात असणं एक आणि ती आहे असं कुणी मानणं दुसरं.

त्याच्या वर्गात पाय ठेवायला जागा नसे. हेन्रिक श्टेफेन्स या विद्यार्थ्याने एका तासाची आठवण लिहून ठेवली आहे. फिख्टे म्हणाला, भिंतीचा विचार करा. पोरं भिंतीचा विचार करू लागली. मग म्हणाला, आता भिंतीचा विचार ज्याने केला त्याचा विचार करा. वर्गात चुळबुळ सुरू झाली. कुणी ताठ बसला, कुणी मान खाली घातली, आणि स्वतःला पकडू पाहणाऱ्या त्या पोरांना काही केल्या वाट सापडेना.

त्या पोरांची अडचण खरी होती. वस्तूंकडे पाहून आपण स्वतंत्र आहोत हे कळत नाही. भिंत अडवते, दगड लागतो, भूक ओढते. या सगळ्यांत मी कसला तरी परिणाम भोगणारा असतो, करणारा नसतो. आणि आत वळून पाहावं तर पाहणारा निसटतो. कांटने १७८५ मध्ये सांगून ठेवलं होतं की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, त्याच्या विवेकातच नैतिक नियम असतो. पण समोर उभं आहे ते माणूस आहे हे मला कसं कळतं? आणि मी माणूस आहे हे तरी मला प्रथम कुणी कळवलं? येनात आल्याबरोबर दिलेल्या व्याख्यानांत फिख्टेने हा प्रश्न उघड विचारला, आणि १७९६ मध्ये निघालेल्या ‘निसर्गसिद्ध हक्कांचा पाया’ या ग्रंथात त्याचं उत्तर दिलं.

उत्तर असं. जगात एकच गोष्ट अशी आहे जी माझ्यावर परिणाम करते आणि तरीही मला मोकळं ठेवते : दुसऱ्या माणसाने घातलेली साद. तो म्हणतो, ये. तो म्हणतो, तुझं काय मत? मी जाऊ शकतो, न जाऊ शकतो. उत्तर देऊ शकतो, गप्प बसू शकतो. काहीही केलं तरी ते माझं करणं ठरतं. दगड मला असा पर्याय देत नाही. साद घालणाऱ्याने मात्र आधीच हात आखडता घेतलेला असतो. मला ढकलून नेणं त्याला शक्य होतं, ते त्याने केलं नाही. त्या आखडलेल्या हाताच्या जागेत माझं स्वातंत्र्य पहिल्यांदा मला दिसतं. फिख्टेच्या मते मूल वाढवणं म्हणजे दुसरं काही नाही, अशी साद पुन्हा पुन्हा घालत राहणं आहे. सहा महिन्यांच्या बाळाशी आई बोलते, प्रश्न विचारते, थांबते, त्याच्या हुंकाराला उत्तर समजते. बाळाला भाषा येत नाही हे तिला ठाऊक असतं. तरी ती त्याला उत्तर देऊ शकणारा मानते, आणि तिने मानलं म्हणून ते एक दिवस उत्तर देतं.

यातूनच त्याने हक्काचा नियम काढला. दुसऱ्यालाही हालचालीला वाव राहील इतपत मी माझं स्वातंत्र्य आवरायचं, आणि त्यानेही तेच करायचं. दोघांपैकी एकाने सोडलं तर दुसऱ्यावरचं बंधनही सुटतं. ही मान्यता मनातल्या मनात देऊन भागत नाही, वागण्यात दिसावी लागते. म्हणून शरीराला त्याच्या विचारात मोठं स्थान आहे. प्राणी तयार होऊन जन्मतो, माणूस उघडा आणि अपुरा जन्मतो. त्याचा चेहरा, डोळे, उभं राहणं यांतून तो काय होईल ते अजून ठरायचं असतं. असं शरीर समोर आलं की त्याला वस्तू मानणं आपल्याला जमू नये, असं तो लिहितो. पोटाचाही विचार त्याने केला. कष्ट करून जगता येणं हा मालमत्तेचा पाया. ज्याला जगताच येत नाही, त्याच्यावर इतरांच्या मालमत्तेचा मान राखण्याचं बंधन कसलं? हा प्रश्न १७९७ साली विचारणं सोपं नव्हतं.

पण तोच ग्रंथ पुढे पोलिसांकडे वळतो. लोक एकमेकांना मान्यता देतील याचा भरवसा काय? म्हणून सक्तीचा कायदा. सक्तीसाठी पहारा. मग प्रत्येकाजवळ ओळखपत्र हवं आणि कोण कुठे आहे हे पोलिसांना माहीत हवं. साद घालणाऱ्या आईपासून निघालेला विचार चौकीवर येऊन थांबतो. त्याच ग्रंथात लग्नाचं प्रकरण आहे आणि तिथे बायको आपली सगळी हक्कदारी नवऱ्याच्या स्वाधीन करते, असं तो सिद्ध करायला बसतो. १७९३ च्या फ्रेंच क्रांतीवरच्या पुस्तकात त्याने ज्यूंना नागरी हक्क नाकारले होते, तेही अत्यंत हिंस्र शब्दांत. हे सगळं झाकून फिख्टे सांगू नये. आणि हेही झाकू नये, की १८१२ मध्ये बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर असताना, एका ज्यू विद्यार्थ्याला मारहाण झाली आणि विद्यापीठाच्या न्यायमंडळाने त्या पोरालाच शिक्षेत ओढलं, तेव्हा फिख्टेने रेक्टरपद सोडलं. येनाच्या फुटक्या तावदानांतून तो एवढं नक्की शिकला होता, की मार खाणाऱ्याच्या बाजूने संस्था उभी राहिली नाही तर मान्यतेच्या गोष्टी हवेतच राहतात.

१७९९ मध्ये नास्तिकपणाच्या आरोपावरून त्याला येना सोडावं लागलं. दोन वर्षांनी, १८०१ च्या जानेवारीत, गेओर्ग विल्हेल्म फ्रीडरिश हेगेल तिथे आला. श्टुटगार्टचा, तीस वर्षांचा, बर्न आणि फ्रँकफुर्टला श्रीमंतांच्या मुलांना शिकवून कंटाळलेला. वडील वारल्यावर थोडा पैसा हाती आला म्हणून येनाला येण्याची हिंमत झाली. ट्युबिंगेनचा त्याचा सोबती शेलिंग वयाने लहान असून तिथे आधीच नामांकित प्राध्यापक होता. हेगेल विनापगारी व्याख्याता. पोरं जी फी देतील तीवर गुजराण. बोलताना अडखळणारा हा माणूस शेलिंगच्या सावलीत उभा आहे, असंच बहुतेकांना वाटत होतं.

या वर्षांतली त्याची हस्तलिखितं त्याच्या हयातीत छापली गेली नाहीत, पण परस्परमान्यतेच्या विचाराला नवं वळण तिथे मिळालं. फिख्टेने दोन व्यक्ती समोरासमोर ठेवल्या होत्या. हेगेलने त्यांच्या मागे घर, काम, बाजार आणि कायदा उभा केला. ॲडम स्मिथच्या टाचणीच्या कारखान्याचा दाखला त्याच्या १८०३-०४ च्या टिपणांत येतो, आणि कामाची वाटणी माणसाला कशी बोथट करते हेही तो तिथेच लिहितो. प्रेमात माणूस दुसऱ्याच्या ठायी स्वतःला पाहतो; पण घराबाहेर पडलं की तेवढ्याने चालत नाही, तिथे झगडा आहे. चोराने वस्तू नेली तर नुकसान वस्तूचं होतं, पण चीड येते ती तू मला मोजलं नाहीस याची. ही चीड त्याने तुच्छ मानली नाही. कायद्याचं मूळ त्याला तिच्यात दिसलं. फिख्टेच्या ओळखपत्रांच्या राज्यावर तर त्याने १८०१ मध्येच कडक टीका केली होती.

मग १८०६ चा ऑक्टोबर आला. ‘फेनोमेनॉलॉजी’ हा ग्रंथ बांबेर्गच्या प्रकाशकाला १८ ऑक्टोबरपर्यंत पुरा करून द्यायचा होता. न दिल्यास छापलेली आवृत्ती आपण विकत घेऊ, असा जामीन नीटहामर या मित्राने दिला होता. हेगेलने हस्तलिखिताचा मोठा भाग ८ आणि १० तारखेच्या टपालाने रवाना केला आणि त्याच दिवसांत फ्रेंच फौजा गावाकडे सरकल्या. १३ तारखेला नेपोलियन पाहणीसाठी घोड्यावरून गावातून गेला. हेगेलने तो पाहिला आणि त्याच दिवशी नीटहामरला पत्र लिहिलं. एका घोड्यावर, एका बिंदूत, जगाचा आत्मा एकवटल्यासारखं त्याला वाटलं होतं. पण त्याच पत्रात टपालात अडकलेल्या कागदांची चिंताही आहे. शेवटचा भाग आपण लढाईच्या आदल्या मध्यरात्री संपवला, असं त्याने पुढे शेलिंगला कळवलं. १४ तारखेला सकाळी दाट धुकं होतं. दिवस मावळेपर्यंत प्रशियाची फौज मोडली. गावातली काही घरं जळाली, शिपायांनी हेगेलचं बिऱ्हाड लुटलं. गटेने एका मित्राला कळवलं की हेगेलला गरज असेल तर दहा थालरपर्यंत द्या. १८०७ मध्ये पुस्तक निघालं, ७५० प्रती.

त्यातलं धनी आणि दास यांचं प्रकरण जगप्रसिद्ध आहे, आणि मोजक्याच पानांचं आहे. दोघे समोरासमोर येतात. प्रत्येकाला दुसऱ्याने आपल्याला मानावं असं वाटतं, पण स्वतः कुणी मानायला तयार नाही. जीव पणाला लागतो. एक मेला तर सगळंच वाया, कारण मेलेला माणूस कुणाला मानत नाही. म्हणून एक जण जिवाच्या भीतीने वाकतो; तो दास, दुसरा धनी. धनी जिंकला खरा, पण त्याला मिळालं काय? ज्याला तो माणूस समजत नाही त्याने घातलेला मुजरा. त्या मुजऱ्याला त्याच्याच लेखी किंमत नाही. इकडे दासाने मरणाचं भय हाडांत भोगलेलं असतं, आणि तो राबतो. भूक मारून वस्तूला आकार देतो. त्या आकारात त्याला स्वतःचा हात दिसतो. धन्याची वाट खुंटते, दासाची उघडते.

ही पानं कुठल्या दासांविषयी आहेत? सान-दोमँग या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांनी १७९१ मध्ये बंड केलं, नेपोलियनच्या फौजेला हरवलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे स्वतंत्र राष्ट्र जाहीर केलं. जर्मनीतल्या ‘मिनर्व्हा’ या नियतकालिकात त्या बेटाचे वृत्तान्त छापून येत होते, आणि हेगेल ‘मिनर्व्हा’ वाचत असे हे त्याच्या १७९४ च्या पत्रावरून दिसतं. त्याने हैतीचं नाव त्या पानांत घेतलेलं नाही. सूझन बक-मॉर्स यांनी २००० साली हा धागा जोडून दाखवला, तेव्हापासून अभ्यासकांत वाद चालू आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं. जगातलं सगळ्यांत मोठं गुलामांचं बंड वर्तमानपत्रांत गाजत असताना दास या शब्दाने वाचकाला फक्त प्राचीन ग्रीस आठवावं, हे मानवत नाही. याच हेगेलने पुढे बर्लिनच्या व्याख्यानांत आफ्रिकेला इतिहासाबाहेर टाकलं, म्हणून तर हा प्रश्न सोडून देता येत नाही.

मात्र नीतीचा पाया शोधणाऱ्याने त्या प्रकरणावर थांबू नये. पुस्तकात बऱ्याच पुढे, सदसद्विवेकाच्या भागाच्या अखेरीस, आणखी दोघे भेटतात. एकाने कृती केली आहे आणि ती करताना त्याचे हात बरबटले आहेत. दुसऱ्याने काहीच केलेलं नाही. तो न्याय करत बसला आहे. पहिला कबूल करतो, मी असा आहे. आणि दुसराही तसंच म्हणेल म्हणून वाट पाहतो. दुसरा गप्प. त्याला आपली शुद्धता मोडायची नाही. हेगेल या गप्प बसणाऱ्याला अधिक दोषी ठरवतो, कारण तो दुसऱ्याचा शब्द परत करतो, त्याला एकटा पाडतो. त्याचं कठीण मन फुटतं तेव्हाच क्षमा घडते आणि मान्यता खऱ्या अर्थाने परस्पर होते. दोघेही आपलं काही सोडतात. इथे कुणी धनी उरत नाही. दास-धन्याच्या पानांइतकी ही पानं वाचली गेली असती, तर या विचाराचा उपयोग दोनशे वर्षं केवळ झगड्याचं समर्थन म्हणून झाला नसता.

हेगेलच्या घरात काय घडलं? ५ फेब्रुवारी १८०७ रोजी, म्हणजे ग्रंथ निघता निघता, ख्रिस्टियाना बुर्कहार्ट या त्याच्या घरमालकिणीला त्याच्यापासून मुलगा झाला, लुडविग. लग्न झालं नाही. हेगेल येना सोडून गेला. मुलगा दहा वर्षं तिथेच दुसऱ्यांकडे वाढला. १८१७ मध्ये त्याला घरी आणलं, पण तोवर हेगेलचा संसार होता, दोन मुलं होती. लुडविगला वैद्यकी शिकायची होती, त्याला व्यापाऱ्याकडे उमेदवारीला धाडलं. पुढे बापाचं आडनावही गेलं आणि तो आईच्या माहेरच्या फिशर नावाने डच वसाहतींच्या सैन्यात भरती झाला. २८ ऑगस्ट १८३१ रोजी बटाव्हियात तापाने गेला. ती बातमी पोहोचण्याआधी, १४ नोव्हेंबरला, हेगेल बर्लिनमध्ये वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला फिख्टेशेजारी पुरलं.

विचार मात्र त्याच्या जनकांच्या हाती राहिला नाही. येनाच्या पराभवाने हादरलेल्या प्रशियाने वर्षाच्या आत, ९ ऑक्टोबर १८०७ ला, भूदासपणा संपवण्याचा हुकूम काढला. १९३३ ते १९३९ या काळात पॅरिसमध्ये अलेक्सांद्र कोजेव्हने धनी-दासांची पानं एका पिढीला ओळीओळीने समजावली. मार्टिनिकच्या फ्रांत्स फॅनोनने १९५२ मध्ये हेगेललाच अडवलं : वसाहतीतल्या गोऱ्या धन्याला काळ्या माणसाकडून मान्यता नकोच असते, त्याला हवं असतं काम. आपल्याकडेही एक आडवाट येते. कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांना शिकवणारे जॉन ड्यूई तरुणपणी हेगेलच्या विचारात मुरलेले होते. महाडला १९२७ मध्ये जे मागितलं गेलं ते केवळ पाणी नव्हतं, माणूस म्हणून बरोबरीची मान्यता होती, हे स्वतः बाबासाहेबांनी सांगितलं आहे. त्यासाठी त्यांना हेगेलची गरज नव्हती, पण हेगेलला समजून घ्यायला मराठी वाचकाला महाडची फार मदत होते.

फिख्टे आणि हेगेल दोघेही स्वतःच्या कसोटीला उतरले नाहीत. बायका, ज्यू, आफ्रिकेतली माणसं, पोटचा मुलगा, प्रत्येक ठिकाणी त्यांची साद थांबली. पण त्यांना दोषी ठरवण्यासाठी आपण जी कसोटी वापरतो ती त्यांनीच हाती दिली आहे, आणि ती अजून कुणी मोडीत काढलेली नाही. विकत घेतलेली किंवा धाकाने मिळवलेली मान्यता ही मान्यता नव्हे, हे त्या कसोटीचं पहिलं कलम. हैतीला फ्रान्सने १८२५ मध्ये मान्यता दिली. त्यासाठी बंदरासमोर युद्धनौका आणल्या आणि धन्यांच्या बुडालेल्या मालमत्तेपोटी पंधरा कोटी फ्रँकची भरपाई लादली. त्या मालमत्तेत ते गुलामही मोजले होते. ही रक्कम पुढे नऊ कोटींवर आली. तिच्यापायी काढलेल्या कर्जांचे शेवटचे हप्ते फिटले ते १९४७ साली.